तालीम चालू असताना एम.ए. (संगीत) करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७, बी.कॉम. झालेलं, खासगी कंपनीत नोकरी, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीत परीक्षा पूर्ण, आणि किराणा घराण्याच्या (ख्याल गायकीच्या एका परंपरेच्या) गुरूंकडे बरीच वर्षं तालीम चालू. आता एम.ए. (संगीत) करायचं मनात आहे. गुरुजी म्हणतात, "विद्यापीठात गाणं शिकवत नाहीत." घरचे म्हणतात, करायचंच असेल तर पुढे नोकरी लागेल असं काहीतरी कर. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की एम.ए. केल्यानं गाणं सुधारेल का, कुठलं विद्यापीठ चांगलं, आणि शास्त्राचे पेपर झेपतील का.

मी स्वतः घराण्याची तालीम घेऊन विद्यापीठात आले. पुढे एम.ए.च्या वर्गांना शिकवलं, प्रवेशाच्या चाचण्या घेतल्या, लघुप्रबंधांना मार्गदर्शन केलं. त्या अनुभवावरून सांगते. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: दोन वर्षं पगाराशिवाय किंवा कमी पगारात काढता येतील का, गुरुजींचं घर विभागापासून किती लांब आहे, घरात कोण तुमच्यावर अवलंबून आहे. त्यांचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण ती उत्तरं मिळाल्यावर निर्णय कसा घ्यावा हे सांगू शकते.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच आहे. या दोन वर्षांकडून तुम्हाला नेमकं काय हवंय? गळा तयार व्हावा ही एक अपेक्षा, हातात पदवी यावी ही दुसरी, आणि आपण जे गातो त्याबद्दल नीट विचार करता यावा ही तिसरी. तिन्हींना विद्यापीठ सारखं पावत नाही.

गुरुजींचं म्हणणं आधी घेते, कारण त्यात बरंच तथ्य आहे. गळा घडतो तो समोरासमोर बसून. गुरू आलाप देतात, तुम्ही तो घेता, स्वर जरा चढला की ते थांबवतात, पुन्हा घ्यायला लावतात. किराणा गायकीत तर एकेका स्वराची जागा सापडेपर्यंत पुढे सरकायचं नाही ही शिस्त. यमनच्या पहिल्या चार-पाच स्वरांत काही महिने घालवणं तिथे कुणाला जास्त वाटत नाही. विद्यापीठाच्या वर्गात हे होऊ शकत नाही. वर्गात आठ-दहा जण असतात. मुलींची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, हार्मोनियमची काळी चार किंवा पाच, मुलांची काळी एक किंवा पांढरी दोन. सगळ्यांना एका पट्टीत गायला लावलं तर निम्म्यांचा आवाज ओढला जातो, आणि एकेकाला वेगळं गाऊन घ्यायचं तर तास संपतो. सत्र काही महिन्यांचं, त्यात अंतर्गत परीक्षा, शेवटी प्रात्यक्षिक आणि लेखी. शिक्षक कितीही मोठा गायक असला तरी वेळापत्रक त्याला बांधून ठेवतं. म्हणून गळ्यासाठी एम.ए. करू नका. गळ्यासाठी गुरुजी आहेत, आणि एम.ए.च्या काळातही ती तालीम सुटता कामा नये.

मग विद्यापीठ देतं काय? एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. बिहाग घ्या. आजच्या गाण्यात बिहागात तीव्र मध्यम ठळकपणे लागतो. पंचमावरून तीव्र मध्यम, मग गंधार, शुद्ध मध्यम आणि पुन्हा गंधार ही जागा काढून टाकली तर आजच्या श्रोत्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. तुमच्या गुरुजींनीही ती शिकवली असेल. आता पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी केलेलं रागांचं वर्गीकरण उघडा. त्यात राग थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या साच्यांत, वाटलेले आहेत, आणि बिहाग बिलावल थाटात आहे. बिलावल म्हणजे सगळे स्वर शुद्ध. तीव्र मध्यमाला तिथे जागा आहे ती विवादी (रागाच्या नियमाबाहेरचा) स्वर म्हणून, अवरोहात, रंजकतेपुरती.

वर्गात हा विषय निघाला की दोन तट पडतात. काही जण म्हणतात, ग्रंथात चूक आहे. काही म्हणतात, हल्लीचे गायक राग बिघडवतात. दोन्ही बाजू निकालाच्या घाईत असतात. विद्यापीठाचं काम तिथून सुरू होतं, कारण तिथे विचारायचा प्रश्न वेगळा असतो: हा बदल कधी झाला, कुणाच्या गाण्यात आधी दिसतो, आणि रागाच्या कुठल्या भागातून आत शिरला?

याचं उत्तर शोधता येतं. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झालं, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळाचं गाणं आपल्या कानांसमोर आहे. वेगवेगळ्या घराण्यांचे, वेगवेगळ्या दशकांत जन्मलेले गायक निवडायचे. प्रत्येकाचा बिहाग ऐकताना प्रत्येक मध्यमाची नोंद करायची: शुद्ध की तीव्र, आरोहात की अवरोहात, त्यावर थांबतात की नुसता स्पर्श करतात, बंदिशीच्या मुखड्यातच (पुन्हा पुन्हा येणाऱ्या पहिल्या ओळीत) तो आहे की नंतरच्या उपजेत, म्हणजे आयत्या वेळच्या विस्तारात. मग भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेतल्या स्वरलिपीशी ते ताडून पाहायचं. त्या पुस्तकांत बंदिशी ज्या रूपात नोंदल्या गेल्या ते रूप एका विशिष्ट काळातलं आहे हेही लक्षात ठेवायचं. हे करायला चार-सहा आठवडे लागतात. ते झाल्यावर विद्यार्थी पुन्हा बिहाग गायला बसतो तेव्हा तीव्र मध्यम किती आणि कुठे लावायचा हे त्याने स्वतः ठरवलेलं असतं. तो कदाचित गुरूंनी दिलं तेच गाईल. पण आता त्या जागेमागे काय काय आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि कुणी विचारलं तर सांगता येतं.

हे काम गुरुगृही सहसा होत नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही नाही. तालमीत "हे असंच का?" असं वारंवार विचारलं तर तालीम थांबते. त्या वेळी विश्वास ठेवून गळ्यात उतरवणं गरजेचं असतं. प्रश्नांना वेगळी जागा लागते, आणि विद्यापीठ ही ती जागा आहे.

ही दोन जगं एकमेकांच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. पंडित श्रीकृष्ण रातंजनकर भातखंड्यांचे शिष्य होते आणि उस्ताद फैयाज खाँसाहेबांकडेही शिकले होते. लखनौच्या मॅरिस कॉलेज या संगीत महाविद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली आणि पुढे खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. पंडित ओंकारनाथ ठाकूर विष्णु दिगंबर पलुस्करांच्या तालमीत वाढलेले मैफलीचे गायक, आणि १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठातलं संगीत महाविद्यालय त्यांच्या हाताखाली सुरू झालं. तुमच्या घराण्यातलंच उदाहरण हवं तर प्रभाताई अत्रे. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांची तालीम, आयुष्यभर मैफली, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता सरगम, म्हणजे सा-रे-ग-म ही स्वरांची नावंच घेऊन गाणं. ज्या घराण्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी ख्यालात सरगम मोठ्या प्रमाणावर आणली, त्या घराण्यातल्या गायिकेला सरगमविषयी प्रश्न पडावेत आणि तिनं त्यांचा पाठपुरावा विद्यापीठात करावा, हे मला फार योग्य वाटतं. तो विषय त्यांच्या गाण्यातूनच आलेला होता.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला एका अटीवर आहे. तुम्ही जे गाता त्यातून उठलेला एखादा प्रश्न तुमच्याकडे आहे का? अगदी छोटा चालेल. गुरुजी विलंबित एकताल इतका संथ का ठेवतात, ही लय केव्हापासून आली? आपल्याकडे ठरावीक रागच का जास्त गायले जातात? ठुमरी गाताना आपला आवाज का बदलतो? असा एक जरी प्रश्न तुम्हाला अस्वस्थ करत असेल तर एम.ए. तुमच्यासाठी आहे, आणि त्याचा फायदा शेवटी गाण्यालाही होईल. तसा प्रश्न नसेल आणि फक्त गाणं सुधारायचं असेल, तर तीच दोन वर्षं गुरुजींकडे रोज जाऊन घालवा, जास्त मिळेल.

आता शास्त्राच्या भीतीबद्दल. विशारदच्या परीक्षेला बहुतेकांनी शास्त्र पाठ केलेलं असतं: थाट, जाती, वादी-संवादी, गानसमय, चार ओळींत रागाचं वर्णन. म्हणून एम.ए.त तेच आणखी जाड पुस्तकांतून पाठ करायचं असेल अशी समजूत होते. ते तसं नाही, निदान चांगल्या विभागात नाही. मराठी वाचकाला इथे एक मोठी सोय आहे जी बाकीच्या भाषांतल्या विद्यार्थ्यांना नाही. भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मुळात मराठीत लिहिलेली आहे, चार भागांत, आणि सगळी गुरु-शिष्य संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, कधी म्हणतो की या बाबतीत गायकांत एकमत नाही. ते वाचताना कळतं की ज्याला आपण कायमचा नियम समजून पाठ केलं, ते एका माणसानं प्रवास करून, गायकांना भेटून, ग्रंथ ताडून मांडलेलं मत होतं. प्रवेशाआधी एकच गोष्ट वाचायची असेल तर त्याचा पहिला भाग वाचा. भाषा जुनी आहे, पण दहा-बारा पानांनंतर सवय होते.

संस्कृत ग्रंथांची धास्तीही अशीच कमी होते. नाट्यशास्त्रातले २८व्या अध्यायापासूनचे संगीताचे अध्याय, मतंगांची बृहद्देशी, शार्ङ्गदेवांचा संगीतरत्नाकर ही नावं अभ्यासक्रमात असतात. रत्नाकर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं लिहिला गेला, म्हणजे आजच्या दौलताबादेत. सगळा ग्रंथ कुणी वाचायला लावत नाही. एखादं प्रकरण, तेही भाषांतराच्या आधारानं, आणि त्यातली संकल्पना आजच्या गाण्याला कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही यावर चर्चा. ज्या विद्यार्थ्यांना संस्कृत येत नाही तेही हे उत्तम करतात.

श्रुतीचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांचा विषय घ्या. षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गंधाराच्या दोन, मध्यम-पंचमाच्या चार-चार, धैवताच्या तीन, निषादाच्या दोन, एकूण बावीस, हे तुम्हाला पाठ असेल. पण याचा कानाला काही अनुभव आहे का? एक प्रयोग करून पाहा. तानपुरा नीट जुळवा, खर्जाची (खालच्या षड्जाची) तार एकटी छेडा आणि शांत बसून ऐका. त्या तारेतून गंधार येतो. कारण तार मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीनंही कंप पावत असते, आणि तो अंश दोन सप्तकं खाली आणला तर षड्जाशी त्याचं प्रमाण ५:४ पडतं. सप्तकाचे १२०० समान भाग केले आणि त्या एका भागाला सेंट म्हटलं, तर हा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर येतो. हार्मोनियमचा गंधार ४०० सेंटवर आहे. फरक १४ सेंटचा, आणि हार्मोनियम बाजूला ठेवून यमन गाताना तुमचा गंधार जरा खाली येऊन तानपुऱ्यात मिसळतो तो याच जागेवर. आता श्रुतीचा पेपर लिहायला बसा. देवल आणि क्लेमंट्स या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची मोजणी करण्याचा जो खटाटोप केला, त्याच्याशी तुमच्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब जोडलेले होते, हेही मग नुसतं इतिहासातलं वाक्य राहणार नाही. त्यांची मोजणी कितपत टिकते यावर मतभेद आहेत, आणि ते मतभेद वाचणं हा अभ्यासाचाच भाग आहे.

इथवरचं सांगणं असं की गळा गुरुजींकडे, प्रश्न विद्यापीठात, आणि शास्त्र कानाशी जोडलं की झेपतं. उरला तो विद्यापीठ, नोकरी आणि पैसा यांचा व्यवहार.

कुठलं विद्यापीठ, याला मी एक नाव देणार नाही. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ, आणि विद्यार्थिनींसाठी एसएनडीटी असे पर्याय आहेत. बाहेर जायची तयारी असेल तर बडोदा, खैरागढ, बनारस, दिल्ली. कुणाची परंपरा प्रात्यक्षिकाकडे झुकलेली, कुणाची संगीतशास्त्राकडे. पण परंपरेपेक्षा आज तिथे शिकवतं कोण याला जास्त महत्त्व आहे. विभागाचं नाव तेच राहतं, माणसं निवृत्त होतात, जागा रिकाम्या राहतात, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर सगळा भार येतो. म्हणून अर्ज भरण्याआधी तिथे जाऊन या. पूर्णवेळ शिक्षक किती आहेत ते विचारा. तबल्याची साथ रियाजाला मिळते की फक्त परीक्षेला, हे विद्यार्थ्यांना विचारा. रियाजाच्या खोल्या वर्गांनंतर उघड्या असतात का? ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे का, आणि तो ऐकायला मिळतो की कपाटात बंद असतो? गेल्या दोन-तीन वर्षांतले लघुप्रबंध ग्रंथालयात मागून पाहा. विभाग कसा विचार करतो हे माहितीपत्रकापेक्षा त्यांतून लवकर कळतं. सगळे विषय 'अमुक रागाचा अभ्यास' किंवा 'अमुक कलावंताचं योगदान' असे असतील तर मार्गदर्शन ढिलं आहे असं समजा.

पात्रतेचं सांगायचं तर तुमचं बी.कॉम. तीन वर्षांचं आहे, त्यामुळे एम.ए. दोन वर्षांचं होईल. चार वर्षांच्या नव्या पदवीनंतरचं एक वर्षाचं एम.ए. तुम्हाला लागू नाही. दुसऱ्या शाखेच्या पदवीधराला संगीतात घ्यायचं की नाही, विशारदला किती वजन द्यायचं, हे विद्यापीठागणिक बदलतं. अनेक ठिकाणी कुठलीही पदवी आणि प्रवेशचाचणी पुरते. त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

अर्ज करण्याआधी गुरुजींशी स्पष्ट बोला. चोरून प्रवेश घेतला आणि मग कुणाकडून तरी त्यांना कळलं, असं झालं की नातं दुखावतं आणि त्याची झळ गाण्याला लागते. त्यांना सांगा की गळा तुमच्याकडेच घडवायचा आहे, मी तिथे वाचायला आणि ऐकायला जातोय. बहुतेक गुरू हे समजून घेतात. विभागातही पहिल्याच आठवड्यात सांगा की माझी अमुक पद्धतीची तालीम चालू आहे. जाणते शिक्षक मग तुमचा लगाव (स्वर लावायची पद्धत) बदलायचा आग्रह धरत नाहीत. कुणी धरलाच, तर वर्गापुरतं ते ऐकून समजून घ्या, आणि गळ्यात घ्यायचं की नाही ते गुरुजींना विचारून ठरवा. परीक्षेचे राग बरेच असतात, आणि ते सगळे किराणा पद्धतीनं तासभर गायची तयारी करायला गेलात तर दमून जाल. सत्राच्या सुरुवातीलाच दोन राग निवडून ते गुरुजींकडे घेऊन जा. बाकीच्यांत बंदिश, चलन, थोडे आलाप आणि जवळच्या रागांपासूनचा फरक एवढं पक्कं ठेवा. भूप आणि देशकारचे स्वर सारखे असूनही एक कल्याण थाटात आणि दुसरा बिलावलमध्ये का, हे गाऊन दाखवता आलं तर परीक्षक आणखी काही फारसं विचारत नाहीत.

घरच्यांच्या प्रश्नाचंही नीट उत्तर द्यायला हवं. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० टक्के, आणि त्यावर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा लागते. नेटमध्ये पहिला पेपर सगळ्यांना समान, ५० प्रश्न, १०० गुण, दुसरा विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. संशोधन छात्रवृत्तीला वयाची अट असते, अध्यापनाच्या पात्रतेला नसते. सगळं मिळवूनही संगीताच्या कायम जागा थोड्या आहेत आणि अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. हे घरच्यांपासून लपवू नका. दुसरा एक रस्ता फार थोड्यांना माहीत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्रयोगकलांसाठी पर्यायी पात्रता आहे: कुठलीही पदवी, नामवंत गुरूंकडे तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'अ' श्रेणी, आणि विषय तर्कानं व सोदाहरण समजावता येणं. म्हणजे तुमच्या बी.कॉम.वर, गाण्याच्या बळावरही ती वाट उघडी आहे. 'अ' श्रेणीपर्यंत पोचायला मात्र चांगलीच वर्षं लागतात, म्हणून आकाशवाणीची स्वरचाचणी आत्ताच द्यायला लागा. तिचा एम.ए.शी काही संबंध नाही आणि ती एम.ए.साठी थांबवायची गरज नाही.

नोकरी सांभाळून एम.ए. होईल का, हे वेळापत्रक पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. काही विभागांचे वर्ग सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असतात. पण नोकरी, वर्ग आणि तालीम या तिन्हींत काहीतरी एक आखडतं, आणि बहुधा ती तालीम असते. माझ्या पाहण्यात जे नोकरी करून टिकले त्यांनी आधी कामाचे तास कमी करून घेतले होते. पैशाची सोय म्हणून संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती पाहून ठेवा. ती २५ ते ४० वयोगटासाठी आहे, दोन वर्षं, महिना १०,००० रुपये, आणि तिच्यासाठी संशोधनाचा प्रस्ताव लिहावा लागतो. एम.ए.त प्रस्ताव लिहायला शिकाल, तो इथेही उपयोगी पडेल. जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवावं लागतं.

लघुप्रबंधाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण दोन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे आणि बहुतेक जण ते शेवटच्या तीन महिन्यांत उरकतात. विषय पहिल्या सत्रातच शोधायला लागा. विद्यार्थी सुरुवातीला "किराणा घराण्याचा अभ्यास" असं काहीतरी घेऊन येतात. त्यावर दहा ग्रंथ लिहिले तरी पुरणार नाहीत, आणि चाळीस-पन्नास पानांत फक्त इतरांनी लिहिलेलं पुन्हा लिहिलं जातं. तोच विषय बारीक करा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. सावकाश बढतीची गायकी तीन मिनिटांत बसवताना अब्दुल करीम खाँसाहेबांनी काय ठेवलं आणि काय सोडलं? आता विषय हातात आला. त्यांच्या आठ-दहा तबकड्या घ्यायच्या. पहिली सम (तालाची पहिली मात्रा) किती सेकंदांनी येते, मुखडा किती वेळा येतो, तार षड्जाला पहिल्यांदा कधी पोचतात, सरगम कुठे येते, याचा तक्ता करायचा. मग त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीचं, दीर्घ ध्वनिमुद्रणाच्या काळातलं गाणं शेजारी ठेवायचं. सोनिक व्हिज्युअलायझर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात स्वराची रेषा पडद्यावर दिसते आणि वेळ अचूक मोजता येते. जुन्या तबकड्यांची गती नेहमी बरोबर नसते, त्यामुळे पट्टी वर-खाली झालेली असू शकते, हे गृहीत धरूनच निष्कर्ष काढायचे. रेषा दिसली म्हणून कानाचं काम संपत नाही. मी विद्यार्थ्यांना आधी कागदावर ऐकून लिहायला सांगते आणि मग पडद्यावर ताडायला. जिथे दोन्ही जुळत नाहीत त्या जागा सगळ्यात बोलक्या असतात.

असा विषय घेतला की गुरुजींशीही नवं बोलणं सुरू होतं. तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेलात आणि विचारलंत की खाँसाहेबांनी इथे मुखडा इतक्या लवकर का घेतला असेल, तर ते गाऊन उत्तर देतील. त्यांची परवानगी घेऊन ते ध्वनिमुद्रित करा आणि लघुप्रबंधात त्यांच्या नावानं नोंदवा.

शेवटी प्रवेशाची चाचणी. तिथे दुर्मिळ राग घेऊन जाऊ नका. परीक्षकांना तुमच्याकडे किती राग आहेत हे पाहायचं नसतं, एक राग कसा मांडता ते पाहायचं असतं. यमन, भूप, बागेश्री, काहीही चालेल, पण विलंबित आणि द्रुत दोन्ही बंदिशी पक्क्या हव्यात. शक्य असेल तर तानपुरा स्वतः जुळवा. मोबाइलच्या तानपुऱ्यावर गाणारे बरेच येतात, आणि जो मुलगा किंवा मुलगी तारा जुळवून जव्हारी (तारांचा गुंजणारा नाद) नीट लावते तिच्याकडे लक्ष जातंच. मधेच थांबवलं तर गोंधळू नका. "हाच आलाप पुन्हा घ्या", "इथे धैवत कुठून घेतलात?" असं विचारतात ते तुम्ही सूचना कशी घेता हे पाहण्यासाठी. एखादा ताल हातावर धरून दुगुण, चौगुण (दुप्पट, चौपट लयीत) म्हणायला सांगतील. झपताल आणि एकताल आधीच करून ठेवा. तानांची घाई करू नका. तीन सरळ ताना लयीत आणि समेवर स्वच्छ आल्या तर पुरे. बंदिश कुणाची, कुणाकडून मिळाली, शब्दांचा अर्थ काय, हेही विचारलं जातं, आणि इथे फार जण अडखळतात, म्हणून दोन्ही बंदिशींचे शब्द गुरुजींकडून एकदा लिहून तपासून घ्या. एम.ए. का करायचंय असं विचारलं तर संगीताची सेवा वगैरे बोलू नका. तुमच्याकडचा तो एक प्रश्न सांगा आणि तो तुम्हाला कुठल्या बंदिशीत किंवा रागात पडला ते गाऊन दाखवा.